कुरणे आणि किरण

गवताचा भारा विकत घेणारा जाणता गवळी भाऱ्यापाशी नुसता उभा राहत नाही. तो भारा हाताने उचलून पाहतो, मधून एक मूठ ओढून नाकाशी धरतो, काडी मोडून ती तुटते की लवते हे अजमावतो, आणि मग भाव बोलतो. त्याच्या या दोन-चार कृतींत दोन अगदी निरनिराळे प्रश्न मिसळलेले असतात. गवत किती आहे, हा पहिला. आणि गवत कसे आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तागडी देते. दुसऱ्याचे खरे उत्तर मात्र चार दिवसांनी म्हशीच्या कासेतूनच मिळते.

भाऱ्यापुरते हे ठीक आहे. परंतु ज्यांची गुरे शेकडो कोसांच्या माळावर चरतात, त्यांच्यापुढे हेच प्रश्न उभे राहिले म्हणजे नाक आणि हात अपुरे पडतात. यंदाच्या गवतावर किती जनावरे पुढच्या पावसापर्यंत तगतील, आणि ती नुसती तगतील की दूध देतील व गाभण राहतील, हे आधी कळले तर काही जनावरे बरा भाव आहे तोवर विकता येतात, काही दुसऱ्या मुलखात नेता येतात. उशिरा कळले तर उरतात ते सांगाडे. या दोन प्रश्नांची उत्तरे प्रकाशाच्या साह्याने मिळवण्याचा जो उद्योग गेल्या दोन शतकांत झाला, त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर आकाशातून आले. ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर अंड्यांच्या परीक्षेतून निघाले. आणि ही दोन उत्तरे बराच काळ एकमेकांना भेटलीच नाहीत.

गवताच्या गुणांची पद्धतशीर परीक्षा प्रथम जर्मनीत सुरू झाली. गटिंगेन शहराजवळच्या वेंडे येथील प्रयोगकेंद्रात हेन्नेबर्ग आणि श्टोमान या दोघा शास्त्रज्ञांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत चाऱ्याचे पाणी, राख, स्निग्धांश, प्रथिने, चोथा असे भाग पाडण्याची रीत बसवली. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या योहान केल्डाल याने नत्र मोजण्याची सुटसुटीत कृती दिली, आणि नत्राच्या आकड्याला ६.२५ ने गुणून प्रथिने काढण्याचा परिपाठ पडला. पुढे अमेरिकेत पीटर व्हॅन सोस्ट याने गवत साबणासारख्या द्रावणात उकळून पेशींच्या भिंतींचा कठीण भाग वेगळा काढण्याची पद्धत शोधली. आणि १९६३ मध्ये इंग्लंडातील टिली आणि टेरी या दोघांनी तर काचेच्या नळीतच जनावराचे पोट वसवले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील रस काढून त्यात दळलेले गवत ४८ तास ठेवायचे, नंतर पेप्सिन आणि आम्ल यांत आणखी ४८ तास ठेवायचे, व जे विरघळले नाही ते तोलायचे, अशी ती रीत. उत्तर उत्तम मिळे. परंतु एका मुठीला चार दिवस लागत, आणि तेवढ्या अवधीत कळप ते कुरण संपवून पुढे गेलेला असे.

दुसरा रस्ता ज्याने उघडला त्याच्या मनात गवत मुळीच नव्हते. १७८१ मध्ये युरेनस ग्रह शोधून काढणारा विल्यम हर्शेल १८०० साली सूर्यप्रकाशाच्या निरनिराळ्या रंगांत किती उष्णता असते हे पाहत होता. लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यावर त्याने उष्णतामापके ठेवली. आणि जेथे तांबडा रंग संपतो व डोळ्याला काहीच दिसत नाही, तेथे ठेवलेल्या मापकातील पारा सर्वांहून अधिक चढलेला त्याला आढळला. तांबड्याच्या पलीकडच्या या अदृश्य किरणांना आज अवरक्त किरण म्हणतात. त्यानंतर ११० वर्षांनी, १९१० मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट वुड या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने फक्त हेच किरण आत येऊ देणारी काच लावून काही छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्या चित्रांत निळे आकाश काळेकुट्ट उतरले होते, आणि भर उन्हातली हिरवीगार झाडे बर्फ पडल्याप्रमाणे पांढरीशुभ्र दिसत होती.

हिरवे पान अवरक्त प्रकाशात पांढरे का दिसावे? पानातील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश गिळून टाकते. त्यावरच तर वनस्पती जगते. हिरवा त्या मानाने थोडा परत येतो, म्हणून पान हिरवे. अवरक्त किरण मात्र हरितद्रव्याच्या उपयोगाचे नाहीत आणि ते त्यांना अडवतही नाही. हे किरण पानाच्या आत शिरतात, तेथे पाण्याने भरलेल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर इकडून तिकडे आपटत राहतात, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे पुन्हा वर निसटतात. काच पारदर्शक असते, परंतु काचेची पूड पांढरी दिसते; पानाच्या पांढरेपणाचे कारण हेच आहे. विल्श्टेटर आणि श्टोल या शास्त्रज्ञांनी १९१८ मध्ये हा विचार मांडला. त्यातून एक गोष्ट निघते, तिच्यावर पुढची सारी इमारत उभी आहे. जिवंत पान तांबडा प्रकाश फारच थोडा आणि अवरक्त प्रकाश पुष्कळ परत पाठवते. उघडी माती दोन्ही जवळजवळ सारखेच परत पाठवते. वाळलेले गवतही या बाबतीत मातीच्याच पंक्तीला बसते. म्हणून या दोन प्रकाशांची तुलना केली की जमिनीवर जिवंत हिरवे किती आहे ते कळावे.

दुसऱ्या महायुद्धात या गुणाचा उपयोग लष्कराने केला. हिरव्या रंगाच्या कापडाखाली लपवलेल्या तोफा साध्या छायाचित्रात झुडपांत मिसळून जात. अवरक्त ग्रहण करणाऱ्या फिल्मवर मात्र खरे झाड एका रंगाचे आणि रंगवलेले कापड दुसऱ्याच रंगाचे उमटे. युद्ध संपल्यावर तीच फिल्म शेतीकडे वळली. कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट कॉलवेल याने १९५६ मध्ये विमानातून घेतलेल्या अशा छायाचित्रांवरून धान्याच्या पिकांतील रोग ओळखता येतात असे दाखवले. भारतात या विद्येचा ओनामा गवताने नव्हे, नारळाने झाला. १९७० मध्ये पिशारोथ राम पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन रोगाने ग्रासलेले माड हुडकून काढले, आणि त्या प्रयोगापासून भारतीय दूरसंवेदनाची वाटचाल मोजली जाते.

आता अंड्यांची गोष्ट. अमेरिकेच्या शेती खात्याचे मोठे संशोधनकेंद्र बेल्ट्सव्हिल येथे आहे. तेथे कार्ल नॉरिस नावाचा अभियंता होता. त्याच्याकडे आलेले काम अगदी साधे होते. अंडे उजेडासमोर धरून आत रक्ताचा ठिपका आहे की नाही हे पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्याच्या जागी यंत्र बसवायचे होते. अंड्यांवरून तो धान्यातील ओल मोजण्याकडे वळला. पाणी अवरक्त प्रकाशातील काही ठरावीक तरंगलांबी हट्टाने गिळते. तेव्हा धान्यावरून परत आलेल्या प्रकाशात त्या जागी किती खळगा पडला ते पाहिले की ओल कळावी, अशी कल्पना होती. परंतु उत्तरे पक्की येईनात. सोयाबीनचे तेल, गव्हाची प्रथिने, पिठूळ भाग, हे सारे त्या वर्णपटात लुडबूड करीत. दुसऱ्या एखाद्याने कपाळाला हात लावला असता. नॉरिसच्या ध्यानात आले की, प्रथिने जर मोजणीत अडथळा आणीत असतील, तर त्याच अडथळ्यावरून प्रथिनेही मोजता येतील! ओल मोजू पाहणारे यंत्र अशा रीतीने धान्याची सारी कुंडली मांडू लागले. १९७५ मध्ये कॅनडाच्या धान्य आयोगाने गव्हातील प्रथिने मोजण्यासाठी हीच रीत पत्करली.

१९७६ मध्ये नॉरिस आणि त्याचे सहकारी बार्न्स, मूर आणि शेंक यांनी गवताची पाळी घेतली. गवत वाळवायचे, बारीक दळायचे, एका लहानशा कपात दाबून भरायचे आणि त्यावर अवरक्त प्रकाशाच्या निरनिराळ्या तरंगलांबी एकामागून एक टाकायच्या. प्रथिनांतील नत्र आणि हायड्रोजन यांचे बंध, चोथ्यातील कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे बंध, प्रत्येक आपापल्या ठेक्याने कंप पावतो आणि आपल्या ठेक्याशी जुळणारा प्रकाश शोषून घेतो. परत येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखावरून प्रथिने, चोथा, लिग्निन, इतकेच नव्हे तर पचनीयताही सांगता येते, असे त्या चौघांनी दाखवून दिले. चार दिवसांचे काम दोन-चार मिनिटांवर आले. १९७८ मध्ये अमेरिकेत अशा चारा-परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले, व १९८५ मध्ये शेती खात्याने या रीतीची हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली.

या यंत्राविषयी एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. त्याला स्वतःचे असे काहीच ज्ञान नसते. वेंडे आणि केल्डाल यांच्या जुन्या, वेळखाऊ रीतींनी तपासलेले शेकडो नमुने त्याला आधी दाखवावे लागतात. त्यांची उत्तरे पाठ करून मग ते नव्या नमुन्याचे उत्तर सांगते. गुरूच्या हातून झालेली चूक शिष्य तितक्याच निष्ठेने पुढे चालवतो. लसूणघासावर शिकवलेले यंत्र माळरानावरच्या रानगवताविषयी विचारले असता तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देईल.

‘कसे’ हा प्रश्न असा कपात सुटत असताना ‘किती’चा शोध उघड्या माळावर चालला होता. कोलोरॅडो संस्थानात पॉनी नावाचे राष्ट्रीय कुरण आहे. पाऊस बेताचा, गवत आखूड. आंतरराष्ट्रीय जीवशास्त्रीय कार्यक्रमाच्या निमित्ताने तेथे गवताळ प्रदेशाचा बारकाईने अभ्यास चालला होता, आणि त्यासाठी लहान लहान चौकोनांतील गवत कापून, वाळवून, तोलून नोंदवण्याचे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे करावे लागे. पिअर्सन आणि मिलर यांनी कापण्यापूर्वी त्याच चौकोनांवरून परत येणारा तांबडा आणि अवरक्त प्रकाश मोजला, व एकाला दुसऱ्याने भागून येणाऱ्या आकड्याचा हिरव्या गवताच्या वजनाशी चांगला मेळ बसतो, असे १९७२ मध्ये जाहीर केले. त्यांच्याच मंडळीत कॉम्प्टन टकर नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

त्याच वर्षी २३ जुलै रोजी अमेरिकेने पृथ्वीच्या पृष्ठभागाची पाहणी करणारा एक उपग्रह आकाशात सोडला. पुढे त्याचे नाव लँडसॅट पडले. त्याच्यावर दोन उपकरणे होती. एक दूरचित्रवाणीच्या धर्तीचा कॅमेरा. मुख्य भरवसा त्याच्यावर. दुसरे, हलत्या आरशाने जमीन ओळीओळीने झाडत जाणारे यंत्र. ते व्हर्जिनिया नॉरवुड या विदुषीने आखलेले, आणि त्याच्याविषयी पुष्कळांच्या मनात शंका होती. आकाशात हलता आरसा किती दिवस टिकणार, असा त्यांचा आक्षेप होता. प्रत्यक्षात थोड्याच दिवसांत विजेच्या बिघाडाने कॅमेरा बंद करावा लागला, आणि शंकास्पद यंत्राने पाठवलेल्या चित्रांनी सर्वांना थक्क केले. हे यंत्र दर अठरा दिवसांनी त्याच जागेवर येई, आणि हिरवा, तांबडा व अवरक्ताचे दोन असे चार पट्टे वेगवेगळे नोंदवी. पॉनीच्या कुरणात जे दोन किरण मोजले जात होते, ते आता ९०० किलोमीटर उंचीवरून साऱ्या खंडाचे मोजले जाऊ लागले.

टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठातील जॉन राउस आणि त्याचे सहकारी हास, शेल व डीअरिंग यांनी या उपग्रहापुढे एक सुंदर प्रश्न ठेवला. अमेरिकेच्या मध्यभागी दक्षिणेस टेक्सासपासून उत्तरेस कॅनडाच्या सीमेपर्यंत गवताळ मैदानांची सलग पट्टी आहे. वसंतात दक्षिणेकडे हिरवळ आधी फुटते आणि लाटेसारखी उत्तरेकडे सरकत जाते. ऋतू उलटला की ओसरते. ही हिरवी लाट वरून पाहता येईल काय? अडचण सूर्याची होती. दक्षिणेला सूर्य अधिक उंच, उत्तरेला कलता. त्यामुळे तितकेच गवत एकीकडे उजळ तर दुसरीकडे अंधुक दिसे. मग त्यांनी अवरक्तातून तांबडा वजा करून येणाऱ्या संख्येला त्याच दोहोंच्या बेरजेने भागले. पानांनी ४८ टक्के अवरक्त आणि ८ टक्के तांबडा प्रकाश परत पाठवला असे धरले, तर ४० भागिले ५६ म्हणजे सुमारे ०.७१ हा अंक येतो. उजेड निम्मा झाला तर २० भागिले २८, म्हणजे तोच अंक. २५ टक्के अवरक्त आणि २० टक्के तांबडा परत पाठवणाऱ्या उघड्या मातीचा अंक जेमतेम ०.११ भरतो. शाळेतल्या मुलालाही करता येईल असा हा भागाकार आहे. परंतु वनस्पतींच्या आकाशपाहणीत त्याच्याइतके वापरले गेलेले दुसरे सूत्र क्वचितच असेल.

या अंकाची खरी कसोटी आफ्रिकेत लागली. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेल्या पट्ट्यास साहेल म्हणतात; अरबीत या शब्दाचा अर्थ किनारा. वाळूच्या समुद्राचा हा किनारा पशुपालकांचा आहे. तेथे पाऊस वर्षातून तीन-चार महिने पडतो, तेवढ्यात गवत उगवते, फुलते, बी धरते आणि वाळते. उरलेले आठ-नऊ महिने गुरे त्या उभ्या वाळल्या गवतावर काढतात. १९६८ पासून १९७३ पर्यंत येथे जो अवर्षणाचा फेरा आला त्यात कळपच्या कळप नष्ट झाले आणि माणसेही मोठ्या संख्येने दगावली. त्या वेळी कोणत्या भागात किती गवत उरले आहे, हे सांगू शकणारे कोणीही नव्हते. इतक्या अफाट मुलखात विळा घेऊन फिरणार तरी कोण?

लँडसॅट येथे फारसा कामाला येईना. त्याची फेरी अठरा दिवसांची. नेमके त्या दिवशी ढग आले तर आणखी अठरा दिवस वाट पाहायची, आणि तोवर लहानसा पावसाळा निम्मा सरलेला असे. टकर तोवर अमेरिकेच्या अंतराळसंस्थेच्या गोडार्ड केंद्रात दाखल झाला होता. १९७९ मध्ये त्याने तांबडा आणि अवरक्त यांच्या निरनिराळ्या मांडण्या गवतावर तपासून प्रसिद्ध केल्या होत्या. त्याचे लक्ष हवामानाच्या उपग्रहांकडे गेले. हे उपग्रह ढग आणि समुद्राचे तापमान पाहण्यासाठी होते. त्यांची नजर जाडीभरडी, एका ठिपक्यात एक किलोमीटरहून अधिक जमीन. परंतु ते रोज येत. योगायोग असा की, १९७९ च्या उपग्रहापासून त्यांच्या पहिल्या पट्ट्याची रुंदी आवळण्यात आली होती, आणि त्यामुळे त्यांचे पहिले दोन पट्टे जवळजवळ तांबडा आणि अवरक्त असेच झाले होते. गवत पाहण्याचे साधन ढग पाहणाऱ्यांनी नकळत आकाशात ठेवून दिले होते.

टकर आणि त्याचे सहकारी उत्तर सेनेगलच्या फेर्लो भागात उतरले. येथे फुलानी लोकांचे कळप चरतात. १९८० ते १९८४ या पाच वर्षांत जमिनीवर गवत कापून तोलले जात होते आणि आकाशात अंक गोळा होत होते. पण एक पेच होता. हा अंक फक्त हिरवे पाहतो. आणि गुरे तर वर्षाचा बहुतेक काळ वाळलेले खातात. जानेवारीत उपग्रहाला गवत आणि माती यांत भेदच दिसत नाही. तोडगा असा निघाला की, पावसाळाभर मिळालेले सारे अंक बेरजेत धरायचे. एखाद्या दिवशीची हिरवळ नव्हे, तर संबंध हंगामात ती किती आणि किती दिवस टिकली, हे मोजायचे. खुंटीवर टांगलेली शिदोरी दिसत नसेल तर भाकरी थापताना मोजाव्यात, तशातलाच हा प्रकार! ती बेरीज आणि हंगामाच्या अखेरीस विळ्याखाली आलेले वजन यांचा मेळ बसला. १९८३ आणि १९८४ ही साहेलच्या इतिहासातील अत्यंत कोरडी वर्षे ठरली. फेर्लोत त्या साली गवताने कोठे आणि किती दगा दिला, याचे नकाशे पहिल्यांदाच हाती आले. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे वाटावे अशी ही कामगिरी होती.

याच सुमारास साहेलमधूनच एक वेगळी वार्ता आली, आणि ती या आनंदावर विरजण घालणारी होती. मालीच्या कुरणांत डच आणि मालीच्या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे काम केले होते. त्यांपैकी हेंक ब्रेमन आणि कॉर्नेलिस डी विट यांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे सार मांडले. सामान्य समज असा की, दक्षिणेकडे पाऊस अधिक, गवत अधिक, म्हणून कुरण चांगले. त्यांना आढळले ते जवळजवळ उलटे. उत्तरेला, वाळवंटाच्या तोंडाशी, गवत थोडे आणि आखूड. परंतु त्यात प्रथिने भरपूर. दक्षिणेकडे गवत माणसाच्या छातीइतके वाढते. परंतु जमिनीत नत्र आणि स्फुरद तुटपुंजे. तेवढाच नत्र मोठ्या वाढीत वाटला जातो, आणि पाऊस संपेतो गवताचा नुसता चोथा उरतो. त्या उंच गवतात उभे राहून गुरे उपाशी राहू शकतात. पोट भरते, पण अंगी लागत नाही.

फुलानी पशुपालकांना हे ठाऊक होते. पावसाळा लागताच ते आपले कळप घेऊन उत्तरेकडे, म्हणजे परक्याच्या दृष्टीने ओसाडीकडे जातात, आणि पाणी आटले की दक्षिणेस परततात. वसाहतींच्या काळातील अंमलदारांनी याला भटकेपणाची खोड मानले होते. महाराष्ट्रातील श्रोत्यांना येथे माणदेशाकडच्या धनगरांची आठवण होईल. तेही भर पावसात कोकणच्या गर्द हिरवळीकडे जात नाहीत. कमी पावसाच्या पठारावर राहतात, आणि दिवाळीच्या सुमारास मेंढ्या घेऊन घाट उतरतात. सततचा पाऊस आणि चिखल मेंढीला मानवत नाही, हे त्याचे एक मोठे कारण. दोन्ही गोष्टी सर्वस्वी एक नव्हेत. परंतु जेथे अधिक हिरवे तेथे अधिक चांगले, हा हिशेब मेंढपाळाने कधीच केलेला नाही. उपग्रहाचा अंक मात्र नेमका तोच हिशेब करीत होता. दक्षिणेकडच्या निकृष्ट उंच गवताला तो अधिक गुण देई आणि उत्तरेकडच्या सकस आखूड गवताला कमी.

तेव्हा नॉरिसचा कप आकाशात नेता येईल काय, हा प्रश्न ओघानेच आला. वाळवून दळलेल्या गवताचा वर्णपट जे सांगतो, ते उभ्या, ओल्या गवताचा वर्णपट सांगेल काय? एकोणीसशे ऐंशीच्या दशकात चार पट्ट्यांऐवजी शेकडो अरुंद पट्टे नोंदवणारी उपकरणे विमानांवर चढली, आणि १९८८ मध्ये कॅरोल वेसमन आणि सहकाऱ्यांनी जंगलाच्या पालवीतील रसायनांचा असा मागोवा घेतला. परंतु अडचण जबर होती. ताज्या पानात सर्वांत अधिक असते ते पाणी, आणि प्रथिनांच्या बारीक खुणा जेथे उमटायच्या तेथेच पाणी प्रकाश गिळून बसते. वाळवण्याच्या भट्टीने प्रयोगशाळेत जो अडसर दूर केला होता, तो माळावर पुन्हा आडवा आला.

या कोंडीतून पुष्कळशी वाट दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात निघाली. ओनिसिमो मुटांगा आणि अँड्र्यू स्किडमोर यांनी विमानातून घेतलेल्या वर्णपटीय चित्रांवरून तेथील गवतातील नत्राचे प्रमाण नकाशावर उतरवले, आणि २००४ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाण्याच्या जाड खळग्याचा परिणाम गणिताने वजा करायचा, आणि तांबडा संपून अवरक्त सुरू होतो त्या चढाची नेमकी जागा पाहायची, अशी त्यांची युक्ती. हरितद्रव्य अधिक असले की तो चढ अवरक्ताच्या बाजूला किंचित सरकतो. आणि हरितद्रव्यात नत्र असतोच. याच दोघांनी त्याच वर्षी दुसरी एक उणीवही दाखवली. गवत दाट झाले म्हणजे राउसचा जुना अंक एका मर्यादेपाशी अडकतो. त्यापुढे गवत दुप्पट झाले तरी तो हलत नाही. अरुंद पट्टे वापरले तर ही अडचण बरीच दूर होते. हा प्रयोग ज्या गवतावर केला, ते आपल्याकडे अंजन गवत म्हणून चाऱ्यासाठी पेरले जाणारे गवत होय. आकाशात अशा अरुंद पट्ट्यांची पहिली मोठी परीक्षा अमेरिकेने २००० मध्ये सोडलेल्या उपग्रहावर झाली. भारताने २०१८ च्या नोव्हेंबरात, इटलीने २०१९ मध्ये आणि जर्मनीने २०२२ मध्ये आपापली यंत्रे पाठवली.

तरीही गरिबाच्या जनावराचे भवितव्य आज ज्या अंकाशी बांधले गेले आहे, तो बहुतांशी राउसचा जुना भागाकारच आहे. केनियाच्या उत्तरेस मार्सबिट या रखरखीत प्रदेशात जानेवारी २०१० मध्ये पशुपालकांसाठी एक नव्या तऱ्हेचा विमा सुरू झाला. गाय मेली की नाही हे पाहायला येथे कोणी येत नाही; इतक्या विरळ वस्तीत ते परवडणारच नाही. उपग्रहाने पाहिलेली हिरवळ नेहमीच्या मानाने ठरावीक मर्यादेखाली गेली, की त्या भागातील सर्व विमेकऱ्यांना पैसे. २०११ मध्ये पूर्व आफ्रिकेत भीषण अवर्षण पडले, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरात पहिली भरपाई हाती पडली. आरंभी ही योजना जनावरे किती मेली असतील याचा अंदाज बांधून पैसे देई. पुढे तिची घडी बदलण्यात आली; चारा संपू लागताच, म्हणजे जनावर जिवंत असतानाच, पैसे मिळावेत, की त्यातून वैरण-पाणी विकत घेऊन ते वाचवता यावे. हा बदल छोटा दिसतो, परंतु विम्याला माणुसकी आली ती त्याने.

पण हिरवे म्हणजे चारा नव्हे, हे ब्रेमनचे दुखणे येथेही पाठ सोडीत नाही. केनियात ‘मथेंगे’ या नावाने ओळखले जाणारे एक काटेरी झुडूप अवर्षणाला तोंड देण्यासाठी लावले गेले आणि मग आवरेनासे झाले. महाराष्ट्रात त्यालाच वेडी बाभूळ म्हणतात. कच्छच्या बन्नी कुरणाचा मोठा भाग त्याने व्यापला आहे. त्याच्या शेंगा जनावरे खातात, पाला खात नाहीत. त्याची मुळे खोल जातात, म्हणून गवत जळून गेल्यावरही ते हिरवे राहते. उपग्रहाच्या अंकात तेवढे हिरवे मिळवले जाते, आणि काट्यांखालच्या उघड्या जमिनीवर गुरे उभी असतानाही तो दिसतो त्याहून बरा ऋतू सांगू शकतो. विम्याची मर्यादा ओलांडली गेली की नाही, हे तर त्याच अंकावर ठरायचे.

यावर उपाय करणारे प्रथम जमिनीवरच उतरतात. सेनेगलात एकोणीसशे ऐंशीच्या दशकात डाकार येथे पर्यावरणाच्या देखरेखीचे केंद्र स्थापन झाले. तेव्हापासून पावसाळा सरता सरता त्याची माणसे फेर्लोच्या ठरलेल्या जागी जातात. जमिनीवर चौकटी मांडतात, आतले गवत विळ्याने कापतात, कोणते गवत किती हे नोंदवतात, ओले तोलतात, वाळवून पुन्हा तोलतात. त्या वजनांशी त्या सालचे आकाशातले अंक ताडून पाहिले जातात, आणि मगच त्या वर्षीच्या चाऱ्याचा नकाशा बाहेर पडतो.